बत्तीस बोअरची काडतुसे : पारखून घ्यावीत, मोजून ठेवावीत

कौटुंबिक मासिकात काडतुसांवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. पुण्या-मुंबईकडील वाचकांस तो पडणे स्वाभाविकच आहे. परंतु आमच्या वाचकांची कित्येक घरे ग्वाल्हेर, भिंड, मोरेना, दतिया, शिवपुरी या पट्ट्यातील आहेत, आणि या पट्ट्यात देवघर व कोठीची खोली यांप्रमाणेच परवान्याचे हत्यार हीदेखील घरातील एक जुनी, गृहीत धरलेली वस्तू आहे. कोणाच्या आजोबांस ते शिंदे सरकारच्या चाकरीत मिळाले, कोणी सैन्यातून वा पोलीसखात्यातून निवृत्त झाल्यावर घेतले, तर कोणाची शेती चंबळच्या बीहडांलगत होती म्हणून घेणे भाग पडले.

मे १९६० मध्ये विनोबांच्या पदयात्रेत, आणि पुढे एप्रिल १९७२ मध्ये जौऱ्यास जयप्रकाशजींच्या उपस्थितीत, दरोडेखोरांनी शस्त्रे खाली ठेवली. १९८२-८३ मध्ये उरलेल्यांपैकी काही नामांकित टोळ्याही शरण आल्या. दरोडेखोर गेले, परवाने राहिले. बापाचे हत्यार मुलाकडे, मुलाचे नातवाकडे येत गेले. ज्या भीतीपोटी ते घेतले होते ती भीती पुष्कळ घरांतून निघून गेली आहे. हत्यार मात्र कपाटात आहे, आणि त्याच्या शेजारी एका डब्यात काडतुसे आहेत. हा लेख त्या डब्याविषयी आहे.

हत्यार बाळगावे की बाळगू नये, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. आमचे मत असे की ज्या घरात त्याचे कारण उरलेले नाही त्या घराने ते रीतसर जमा करून मोकळे व्हावे. तथापि ज्यांस ते ठेवावयाचे आहे त्यांनी निदान काडतुसांविषयी अडाणी राहू नये. आमच्याकडील पुरुषमंडळी रिव्हॉल्व्हरविषयी तासन्‌तास बोलतात. त्याची मूठ, त्याचा घोडा, विलायती की कानपुरी, यांवर रात्री जागवतात. काडतुसांचा विषय निघाला की मात्र “आहेत की डझनभर, वडिलांच्या वेळची,” एवढ्यावर बोलणे संपते. वस्तुतः चांगले रिव्हॉल्व्हर वेळच्या वेळी पुसून ठेवले तर दोन पिढ्या सहज टिकते. काडतूस हा जिन्नस तसा नव्हे. ते लोणच्यासारखे आहे. नीट घातलेले आणि नीट झाकलेले असेल तर बरीच वर्षे उत्तम राहते. पण अधूनमधून बरणी उघडून पाहावीच लागते, आणि कधीतरी जुने संपवून नवे घालावे लागते.

लष्कर भागातील आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी अशी वडिलोपार्जित सहा काडतुसे रेंजवर नेऊन चालवून पाहिली. पहिली दोन ठीक उडाली. पुढील तीन नुसती ‘टक्’ असा आवाज करून तशीच राहिली. सहाव्याचा बार झाला, परंतु आवाज फुसक्या लवंगीसारखा आला. गृहस्थ पुन्हा भरण्याच्या तयारीत होते. शेजारी उभे असलेले प्रशिक्षक मराठी पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार होते. त्यांनी झटकन हात धरला. “नानासाहेब, थांबा. आधी नळी बघू.” रिव्हॉल्व्हर रिकामे करून पाहिले तो गोळी नळीत मध्यावर अडकून बसलेली. तिच्यामागून दुसरी सुटली असती तर नळी फुटून हातातच तिचे तुकडे झाले असते. आणि हीच सहा काडतुसे त्या घराचे रक्षण करीत आहेत, अशी त्या घराची तीस वर्षे समजूत होती.

हे असे का होते ते कळावयास काडतुसाची रचना ठाऊक हवी. पितळेचे एक कवच असते. आमच्याकडील हिंदी बोलीत त्याला खोखा म्हणतात. त्याच्या बुडाशी मधोमध बसविलेली इवलीशी टोपी असते. घोड्याचा आघात झाला की टोपीतील स्फोटक पेट घेते, ते कवचातील दारू पेटविते, आणि दारूच्या वायूने तोंडाशी बसविलेली गोळी पुढे ढकलली जाते. यांपैकी पितळ आणि शिसे दीर्घकाळ टिकते. नासते ती टोपी आणि दारू. ओल लागली, तेल झिरपले, किंवा वर्षानुवर्षे उन्हाळ्याची झळ लागली, की टोपी तरी मरते, नाहीतर दारूचे बळ तरी कमी होते. टोपी मेली तर बार होत नाही. त्याहून वाईट दशा म्हणजे टोपी जिवंत आणि दारू अर्धमेली. वरील सहाव्या काडतुसाचे नेमके तेच झाले होते.

(काडतूस हे आज सगळे एकसंध पितळी असते. १८५७ साली ज्या काडतुसांनी वणवा पेटविला ती कागदाची होती. कागद दातांनी फाडून दारू नळीत ओतावी लागे, आणि त्याला लावलेल्या चरबीवरून उत्तर हिंदुस्थानातील पलटणी बिथरल्या. झाशीच्या राणीची समाधी ज्या शहरात आहे त्या शहरातील वाचकांस याहून अधिक सांगणे नलगे.)

आता खरेदीकडे वळू. आपल्या देशात नागरिकाला वाटेल त्या बोअरचे पिस्तूल घेता येत नाही. सरकारी सेवेतील .३८०, .४५५ किंवा ९ मिलिमीटरचे काडतूस ज्यात बसू शकते अशी हत्यारे सामान्य परवान्याबाहेर ठेवलेली आहेत. त्यामुळे घरोघर आढळते ते मुख्यतः .३२ बोअरचे, क्वचित.२२ चे. आणि सर्वांत मोठा घोटाळा या ‘.३२’ मध्येच आहे.

एका घरून पुतण्याला परवाना देऊन दुकानी धाडले होते. पुतण्याने ऐटीत सांगितले, “बत्तीस के पच्चीस दे दीजिए.” दुकानदाराने विचारले, “बत्तीस में कौन-से, भाईसाहब? रिवॉल्वर के या पिस्टल के?” पुतण्याने घरी फोन लावला, “काका, लांब की आखूड?” काकांनाही सांगता येईना. दुकानदार शहाणा होता. तो म्हणाला, “काकाजी को साथ ले आइए, लाइसेंस और हथियार देखकर ही दूँगा.” असा दुकानदार मिळाला तर त्याला सोडू नये.

बत्तीस बोअर या एकाच नावाखाली दोन अगदी निराळी काडतुसे विकली जातात. रिव्हॉल्व्हरचे काडतूस ते ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’. हे १८९६ साली अमेरिकेत निघाले. त्याच्या बुडाला बाहेर आलेली स्पष्ट कड असते, कवचाची लांबी सुमारे २३ मिलिमीटर असते, आणि गोळी साधारणतः ९८ ग्रेनची, बहुधा उघड्या शिशाची व गोल नाकाची. ग्रेन म्हणजे जवळजवळ अर्धी गुंज. म्हणजे ही गोळी अर्ध्या तोळ्याहून किंचित जड भरते. दुसरे काडतूस पिस्तुलाचे, म्हणजे ज्यात मुठीतून खालून पेटी बसवितात त्या हत्याराचे. ते ‘.३२ ए.सी.पी.’ किंवा ‘७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग’. जॉन ब्राउनिंग यांनी ते १८९९ च्या सुमारास तयार केले. त्याचे कवच आखूड, १७ मिलिमीटरांच्या आसपास. बुडाची कड जेमतेम जाणवेल एवढी. गोळी ७१ ग्रेनची आणि तांब्याच्या मिश्रधातूच्या आवरणातली. नाव दोन्हींचे बत्तीस, गोळीची जाडीही जवळजवळ तीच. म्हणूनच फसगत होते.

ही फसगत निरुपद्रवी नाही. पिस्तुलाचे आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात कधीकधी जाऊन बसते. बसले म्हणजे चालेल, असा आपला सर्वसाधारण न्याय असतो. पण रिव्हॉल्व्हरच्या लांब काडतुसाचा दाब प्रति चौरस इंच १५,००० पौंडांपर्यंत धरलेला आहे, तर पिस्तुलाच्या आखूड काडतुसाचा २०,५०० पौंडांपर्यंत. आकाराने लहान ते जोराने मोठे. आजोबांच्या शंभर वर्षे जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते घालणे म्हणजे सुती पिशवीत नारळाचे पोते रिते करण्यासारखे आहे. याच्या उलट ‘.३२ स्मिथ अँड वेसन’ या नुसत्या नावाचे, ‘लाँग’ नसलेले, १८७८ चे एक अधिक जुने व सौम्य काडतूस आहे. ते लांब काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालते, नेम तेवढा किंचित ढळतो. मात्र मध्यातून मोडून उघडणारी काही अतिशय जुनी रिव्हॉल्व्हरे काळ्या दारूच्या काळातील आहेत. असे हत्यार घरी असेल तर जाणत्या बंदूकसाजाला दाखविल्यावाचून त्यात कोणतेही काडतूस घालू नये, हेच बरे.

सात पॉइंट पासष्ट हा आकडाही एकटा पुरेसा नाही. जर्मन ल्यूगर पिस्तुलाचे काडतूसही ७.६५ मिलिमीटरचेच म्हणवते, आणि ते ब्राउनिंगच्या काडतुसाहून कितीतरी जोरकस आहे. तेव्हा नियम असा ठेवावा की हत्याराच्या नळीवर वा चौकटीवर कोरलेले पूर्ण नाव, परवान्यावरील नोंद आणि डब्यावरील नाव, ही तिन्ही जुळल्यावाचून पैसे मोजू नयेत. नळीवरील अक्षरे पुसट असतील तर भिंग घेऊन वाचावीत. अंदाजाने काडतूस घेणे हे अंदाजाने औषध घेण्यासारखेच आहे.

घेण्याजोगे काय आहे, याबाबत आपल्याकडे फारशी निवड नाही, आणि आमच्या मते त्यात फारसे बिघडलेही नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर खाजगी माणसास परदेशी हत्यारे मागविणे बंद झाले. तेव्हापासून नेमबाज खेळाडू वगळता बाकीच्यांनी देशी मालावरच भागविले आहे. हा देशी माल म्हटला की मराठी माणसाचे नाते लगेच जुळते, कारण पुण्याजवळ खडकीस १८६९ पासून काडतुसांचा कारखाना आहे. काडतुसाच्या बुडावर टोपीभोवती ‘के. एफ.’ ही इंग्रजी अक्षरे दिसली की ते खडकीचे समजावे. इंग्रजी अमदानीतील ‘किर्की’चे आद्याक्षर त्यात अजून टिकून आहे. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखानाही लहान हत्यारांची काडतुसे करणाराच. ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारने आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या. त्यांपैकी दारूगोळ्याची ‘म्युनिशन्स इंडिया’ ही कंपनी पुण्यास, तर हत्यारांची कंपनी कानपूरला आहे. कानपूरचे सहा गोळ्यांचे .३२ रिव्हॉल्व्हर वाचकांच्या परिचयाचे आहेच. जानेवारी २०१४ मध्ये तेथूनच ‘निर्भीक’ हे स्त्रियांसाठी म्हणून पाचशे ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर मोठ्या गाजावाजाने निघाले. त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. तेही .३२ लाँगवरच चालते. एवढी किंमत देणाऱ्या कितीजणींस सरावासाठी काडतुसे मिळाली, हा प्रश्न मात्र त्या गाजावाजात कोणी विचारला नाही.

काही तरुण वाचकांच्या मनात परदेशी चित्रपट पाहून पोकळ टोकाच्या, आत जाऊन फुलणाऱ्या गोळ्यांविषयी कुतूहल असते. या जातीच्या गोळीला ‘दमदम’ हे नाव आपल्याच कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यावरून पडले, आणि १८९९ च्या हेग येथील घोषणेने युद्धात तिला मज्जाव केला. .३२ सारख्या मंद गतीच्या काडतुसात ती धड फुलतही नाही. घरगुती हत्यारास लागते ते खात्रीने उडणारे, नेहमीचे, साधे काडतूस. गमतीची गोष्ट अशी की हे जुनाट .३२ लाँग काडतूस क्रीडाजगतात अद्याप मानाने नांदते आहे. पंचवीस मीटर सेंटर फायर स्पर्धेत जगातील कित्येक उत्तम नेमबाज सपाट तोंडाच्या गोळीचे हेच काडतूस वापरतात. ही सपाट गोळी कागदी लक्ष्यात स्वच्छ गोल भोक पाडते. १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये जसपाल राणा यांनी सुवर्णपदक मिळविले ते याच प्रकारात. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये जे सुवर्ण मिळविले ते मात्र .२२ च्या पिस्तुलावर.

दुकानात काडतुसे हाती आली की घाई करू नये. डबा उघडून एकेक काडतूस उजेडात पाहावे. पितळ किंचित काळवंडलेले असले तर चिंता नाही. त्यावर हिरवट कळकण धरले असेल तर घेऊ नये. कवचाला पोचा नसावा, बारीक चीर नसावी. गोळी बोटाने हलवून पाहता डळमळू नये, आणि एखादीच इतरांहून खोल बसलेली नसावी. शिशाच्या गोळीवर पांढरी भुकटी जमली असेल तर ती ओलीत राहिली असे समजावे. टोपी कवचाच्या बुडाशी सपाट किंवा किंचित आत असावी. बाहेर आलेली टोपी रिव्हॉल्व्हरचा चरखा फिरू देत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे नको तेव्हा आघात घेऊ शकते. सर्व काडतुसे एकाच डब्यातील, एकाच खेपेची असावीत. दोन खेपांची मिसळ घेतली तर पुढे एखादे नासके निघाले असता कोणती फेकावीत ते कळत नाही. आणि हे सारे पाहत असताना हत्यार रिकामेच असले पाहिजे. दुकानात काडतूस भरून ‘बसते का’ पाहण्याचा मोह धरू नये.

किती घ्यावीत? येथे प्रथम परवाना उघडावा. त्यावर दोन निरनिराळे आकडे असतात. एका वेळी जवळ जास्तीत जास्त किती ठेवता येतील तो एक, आणि वर्षभरात किती विकत घेता येतील तो दुसरा. पुष्कळांना दुसराच ठाऊक असतो. वर्षाचा आकडा शिल्लक आहे म्हणून घेतली आणि घरातील जुनी धरून पहिला आकडा ओलांडला, तर ते परवान्याच्या अटींचे उल्लंघन होते. विक्रीची नोंद दुकानदाराने परवान्यावर करावयाची असते: किती दिली, कोणती दिली, कोणत्या तारखेस, आणि माल कोणाच्या हाती दिला. ती नोंद व पावती, दोन्ही आपल्या डोळ्यांदेखत वाचून घ्यावी. पावतीवाचून स्वस्तात मिळणारे काडतूस फुकट मिळाले तरी महाग आहे. बिनपरवाना काडतूस बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांच्या कैदेपर्यंत गेली आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने एक काडतूस हेही काडतूसच असते.

आमच्या मते सामान्य घराला परवान्यावरचा पूर्ण आकडा गाठण्याचे काहीच कारण नाही. सोन्याप्रमाणे काडतुसे साठविण्यात शहाणपण नाही. एक डबा घ्यावा. त्यातील चौथा हिस्सा तरी मान्यताप्राप्त रेंजवर, रीतसर परवानगीने, जाणत्या माणसासमोर चालवून पाहावा. सगळी निर्वेध उडाली तर उरलेल्यांवर भरवसा ठेवता येतो. नंतर चार-पाच वर्षांनी ही उरलेली सरावात संपवून नवा डबा आणावा. परवान्याची मुदत २०१९ पासून तीन वर्षांऐवजी पाच वर्षांची झाली आहे; नूतनीकरण आणि काडतुसांची फेरपाळी यांची सांगड घातली तर लक्षात ठेवण्यास सोपे जाते. उडालेल्या काडतुसांचे खोखे फेकू नयेत. काही जिल्ह्यांत नवी देताना जुने खोखे मागतात, आणि न मागितले तरी आपला हिशेब त्यांवरच उभा राहतो.

हिशेबाचे एवढे अवडंबर का, असे कोणी विचारील. आमच्या भागात गावठी कट्टे कमी नाहीत. कट्टा लोहाराच्या भट्टीत होतो. काडतूस तेथे होत नाही. ते कोणाच्या तरी परवान्यावरूनच झिरपत जाते. आणि ते झिरपते कसे, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. शेजारच्या घरी वरात असते. ओळखीचा तरुण येऊन म्हणतो, “काका, दो-चार राउंड दे दीजिए, शादी का घर है.” काकांना भीड पडते. परवानेदारांनी आपसांत काडतुसांची देवघेव करणेही कायद्यास मंजूर नाही. विकणे वा हस्तांतर करणे झाले तर आधी अधिकाऱ्यांस लेखी कळवावे लागते. मग वरातीतल्या पोराला देण्याची गोष्टच सोडा. आनंदाच्या भरात बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आकाशात सोडलेली गोळी कोठेतरी खाली येतेच. दर लग्नसराईत वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या असतात आणि मेलेले बहुधा मांडवातलेच कोणीतरी असते. मराठी घरांच्या लग्नांत ही रीत नाही, हे खरे. पण काडतूस आपल्या डब्यातले असेल तर रीत कोणाची, हे पोलीस विचारीत नाहीत. या प्रसंगी नाही म्हणावयाचे काम घरातील वडीलधाऱ्या बाईने अंगावर घ्यावे. “किल्ली माझ्याकडे आहे, बेटा, आणि ती मिळणार नाही,” असे काकूंनी सांगितले की तरुण फार वेळ रेंगाळत नाहीत, आणि काकांचीही भीड राहते.

किल्लीचा उल्लेख आलाच आहे. हत्यार एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मुलांच्या हाती न लागतील अशा ठिकाणी. जागा घरातील सर्वांत थंड व कोरडी असावी. ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो. गच्चीलगतच्या खोलीत पत्र्याच्या कपाटात काय भट्टी पेटते ते गृहिणींना सांगावयास नको. मोटारीच्या खणात काडतुसे कधीही ठेवू नयेत. कातडी पट्ट्याच्या खोबणींत ती वर्षानुवर्षे खोवून ठेवण्याची हौस काहींस असते. कमावलेल्या कातड्यातील आम्लाने पितळावर हिरवे कळकण चढते. मूळच्या पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवून तो डबा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, हे उत्तम. हत्याराला तेल लावले की तो हात पुसल्यावाचून काडतुसाला लावू नये. पातळ तेल टोपीच्या कडेने आत शिरते. स्वयंचलित पिस्तुल बाळगणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. रोज भरणे आणि रोज काढणे यांत वरचे तेच ते काडतूस आपटत राहते आणि त्याची गोळी हळूहळू आत दबते. दबलेल्या गोळीने दाब भलताच वाढतो. असे काडतूस इतरांशी ताडून पाहून बाजूला काढावे.

खंडेनवमीला हत्याराची पूजा करण्याची आमच्या घरांतील चाल जुनी आहे, आणि ती मोडावी असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पाटावर हत्यार ठेवावयाचे ते घरातील जबाबदार माणसाने दोनदा उघडून, रिकामे असल्याची खात्री करून. काडतुसे पाटावर मुळीच मांडू नयेत. ओले हळदकुंकू, पंचामृताचे शिंतोडे आणि निरांजनातील तूप हे काडतुसाला मानवत नाही. शिवाय सणाच्या गर्दीत, पाहुण्यांच्या मुलांमध्ये, एक काडतूस कोणाच्या खिशात गेले हे रात्रीपर्यंत कळत नाही. असे खिशात वा बॅगेच्या कप्प्यात राहिलेले काडतूस पुढे विमानतळाच्या यंत्रात दिसते, आणि बंगलोरला नोकरीवर निघालेला मुलगा पोलीसठाण्यात बसतो. ताब्यात असणे म्हणजे जाणीवपूर्वक ताब्यात असणे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली आमच्याच राज्यातील एका खटल्यात स्पष्ट केले आहे, आणि त्याचा आधार अशा मुलांना मिळतोही. पण तो मिळेपर्यंत वकील, तारखा आणि गेलेली नोकरी यांचा हिशेब कोणी भरून देत नाही.

रेंजवर काडतूस न उडाल्यास काय करावे, हेही येथेच सांगतो. घोडा पडला आणि बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान तीस सेकंद स्वस्थ राहावे. कधीकधी टोपी उशिरा पेट घेते. नंतरच ते काडतूस काढावे. आवाज नेहमीहून हलका आला, तर पुढचा बार काढण्यापूर्वी हत्यार रिकामे करून नळी आरपार पाहावी. फार जुन्या, विशेषतः युद्धकाळातील काडतुसांच्या टोपीत क्षार निर्माण करणारे रसायन असे. ती चालविल्यानंतर नुसते तेल लावून भागत नाही. नळी आधी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, मग तेल लावावे लागते, नाहीतर आठवड्यात आत गंज धरतो.

उरला प्रश्न निकामी काडतुसांचा आणि मालक गेल्यानंतरच्या डब्याचा. पुष्कळ घरांत यांवर उपाय म्हणून काडतुसे विहिरीत, नदीत किंवा बंबात टाकतात. पाण्यात टाकलेली उन्हाळ्यात पोरांना सापडतात. आगीत टाकलेल्या काडतुसाची गोळी नळीवाचून बंदुकीसारखी जात नाही, हे खरे. पण फुटलेल्या कवचाचे तुकडे डोळा घालवावयास पुरेसे असतात. निकामी काडतुसे परवानाधारक दुकानदाराकडे वा पोलीसठाण्यात नेऊन द्यावीत.

परवानेदार वारला की त्याच दिवसापासून ते हत्यार व ती काडतुसे घरात ठेवण्याचा अधिकार कोणास उरत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या एकविसाव्या कलमाप्रमाणे ती विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावयाची असतात. वारसाने आपल्या नावे परवाना मागावयाचा तो त्यानंतर. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, म्हणून परवानेदाराने हयातीतच पत्नीला व मुलांना परवान्याची जागा, किल्लीची जागा आणि डब्यातील काडतुसांची संख्या सांगून ठेवावी. आम्हांस ठाऊक असलेल्या एका घरी वडील गेल्यावर डब्यात एकोणीस काडतुसे निघाली आणि नोंदीप्रमाणे पंचवीस हवी होती. उरलेली सहा कोठे उडाली, कोणाला दिली, हे आईला सांगता येईना. सुतक फिटण्याआधी दोनदा तिला जबाब द्यावा लागला. साध्या वहीत तारीख, घेतलेली, चालविलेली आणि शिल्लक असे चार रकाने आखले असते तर हे टळले असते. जमा करताना, मग ते मृत्यूनंतर असो की निवडणुकीच्या आचारसंहितेत असो, हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या व बोअरचे पूर्ण नाव पावतीवर लिहून घ्यावे. ‘कारतूस, एक डिब्बा’ एवढेच लिहिलेली पावती घेऊ नये.